कान तपासणाऱ्या बसचा एसी

आमची बस आधी ट्रॅव्हल्सची होती. संस्थेने ती जुनी विकत घेतली, सीटा काढल्या, मागच्या टोकाला फोम आणि प्लायवूडची एक बंद खोली बसवली आणि मला त्या बसमधून गावोगावी लोकांचे कान तपासायला पाठवलं. वरच्या रॅकवरचे सीटांचे आकडे मात्र तसेच राहिले. खोलीच्या दाराशी २७ आणि २८ असं लिहिलेलं होतं. तपासणीला आलेल्या काहींना तो आपला नंबर वाटायचा.

तपासणी साधी असते. माणूस खोलीत बसतो, कानावर हेडफोन लावतो, हातात बटण धरतो. मी बाहेरून यंत्रावर जाड-बारीक, म्हणजे खालच्या-वरच्या पट्टीतले आवाज सोडते. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. त्यावरून कानाचा आलेख निघतो. याला शांतता लागते, आणि तीच आमच्याकडे नव्हती. बसला कंपनीचा एसी होता, इंजिनावर चालणारा. बस दिवसभर एका जागी उभी असली तरी एसीसाठी इंजिन चालू ठेवावं लागे. बंद केलं तर त्या खोलीत माणूस पाच मिनिटांत घामाने भिजायचा.

फुलसावंगीच्या शिबिरात, मे महिन्यात, हे फार जाणवलं. जवळच्या तांड्यावरून आलेली एक म्हातारी हेडफोन काढून म्हणाली, "बाई, तुह्या गाडीचाच आवाज येऊन राह्यला. दुसरा कोणता यायले पाह्यजे?"

मी संध्याकाळी सगळे आलेख पुढ्यात घेतले. जाड आवाजात जवळजवळ सगळ्यांचे कान कमी दाखवत होते. एवढं मोठं गाव एकसारखं बहिरं असू शकत नाही. ते कागद मी बाद केले.

आमचे ड्रायव्हर पूर्वी रात्रीच्या गाड्या चालवायचे. ते म्हणाले, "मॅडम, हा एसी काढूनच टाका. खाली डिक्कीत जनरेटर बसवा अन् घरचा एसी लावा. इंजिन कायले चालू ठेवता?"

जनरेटरलाही आवाज असतोच, असं मी म्हटलं. त्यावर त्यांचं उत्तर असं की तो लहान असतो, पेटीत बंद असतो आणि रबरावर बसवला तर गाडी हलत नाही. शिवाय तो पुढच्या दाराजवळ ठेवायचा, खोली मागे. संस्थेने होकार दिला आणि आम्ही बस पुसदला ड्रायव्हरच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे नेली.

मिस्त्री साठीच्या आसपासचे, बारीक अंगाचे, डोक्यावर टोपी. त्यांनी आधी इंजिन सुरू करायला लावलं. मग एक लांब पेचकस कॉम्प्रेसरला टेकवून त्याची मूठ कानाला लावली आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले.

"याचं बेअरिंग गेलंच होतं," ते म्हणाले. "तुमी काढून राह्यले ते बरं हाये."

कॉम्प्रेसर उघडल्यावर बेअरिंग खरंच खराब निघालं. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. हा माणूस कानाने इंजिन ओळखतो, असं त्यांनी मला वाटेतच सांगितलं होतं.

काम चार दिवस चाललं. मी जवळच्या लॉजवर उतरले होते आणि दिवसा गॅरेजात एका खुर्चीवर बसून असायचे. मिस्त्रींनी पट्टा काढला, गॅस एका सिलेंडरमध्ये ओढून घेतला, टपावरचं धूड चेनपुलीने खाली उतरवलं. त्या जागी चौकोनी भोक पडलं, तिथे पत्रा बसवला. बसच्या पांढऱ्या टपावर तो पत्रा ठिगळासारखा दिसायचा. जनरेटर पुढच्या कप्प्यात रबराच्या पट्ट्यांवर बसला, धुराचा पाईप दुसऱ्या बाजूने बाहेर काढला. तिसऱ्या दिवशी घरगुती एसी लागला.

चौथ्या दिवशी दुपारी जनरेटर सुरू केला आणि मी खोलीत दार लावून बसले. हवा गार होती. जनरेटरची धडधड अगदी दूरची वाटत होती. पण तिच्यावर एक बारीक, शिट्टीसारखा आवाज होता, पत्रा थरथरल्यासारखा. इंजिनाच्या आवाजापेक्षा तो कमीच होता, पण हेडफोनमध्ये मी तसलेच बारीक आवाज सोडते.

मी बाहेर येऊन सांगितलं, "काका, एक बारीक आवाज येतो आहे."

"कोणता?" मिस्त्री स्वतः आत जाऊन बसले. बाहेर आले. "काही नाही."

मग ड्रायव्हर बसले. "हाये ना. किर्रर करून राह्यलं."

"तुमाले भास होऊन राह्यले," मिस्त्री म्हणाले, पण त्यांनी सगळे बोल्ट पुन्हा आवळले. आवाज गेला नाही. त्यांनी पुन्हा आवळले. तिसऱ्यांदा मी आवाज आहे असं म्हटलं, तेव्हा ते खोलीत गेले नाहीत. हातातला पाना पुसत उभे राहिले.

मला एव्हाना अंदाज आला होता. मी जनरेटर बंद करायला सांगितला. "काका, बसा आत. तुमचीच तपासणी करू."

"माह्या कानाले काय झालं?"

"काही झालं नसेल तर तसं दिसेल."

त्यांनी टोपी काढून ड्रायव्हरच्या हातात दिली आणि आत गेले. जाड आवाज त्यांना चांगले ऐकू आले, बटण लगेच दाबलं जात होतं. मग मी बारीक आवाज सोडायला लागले. ते डोळे मिटून बसले होते आणि अंगठा बटणावर तसाच होता. मी आवाज वाढवत गेले. बऱ्याच वेळाने अंगठा हलला. दुसऱ्या कानाचंही तेच.

कागदावर रेघ आधी सरळ होती आणि पुढे एकदम खाली गेली होती. मी त्यांना ती दाखवली.

"हे कशानं झालं?"

"या कामानं. ग्राइंडर, हातोडा, इंजिन."

"परत येते का?"

"नाही. पण आणखी जाऊ नये म्हणून काळजी घेता येते. आणि कानाला मशीन लावता येतं."

त्यांनी कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला. "इंजिन त मी आजबी ओळखतो."

"जाड आवाज तुम्हाला नीट येतात, म्हणून."

हे वाक्य मी शेकडो लोकांना वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं आहे. त्या दिवशी ते बोलताना मी पेनचं टोपण लावत होते.

"बाहेर सांगू नका," ते म्हणाले. "गिऱ्हाईक म्हणतीन, मिस्त्री बहिरा झाला."

"नाही सांगणार."

मग ते कामाला लागले. जनरेटर सुरू करून त्यांनी ड्रायव्हरला खोलीत बसवलं आणि सांगितलं, आवाज थांबला की दार वाजवा. स्वतः बसखाली आडवे झाले आणि एकेक पत्रा, एकेक पाईप तळहाताने दाबत मागे सरकू लागले. मला बाहेरून फक्त त्यांचे पाय दिसत होते. मागच्या चाकाजवळ ते पोचले तेव्हा ड्रायव्हरने दार वाजवलं. जुन्या एसीच्या पाईपची एक लोखंडी पट्टी तिथे राहून गेली होती आणि ती तळाच्या पत्र्यावर थरथरत होती. ती काढायची त्यांच्याकडूनच राहिली होती. त्यांनी ती काढून माझ्या पुढ्यात ठेवली. निघताना मी त्यांना कानात घालायचे बोळे दिले, त्यांनी ते खिशात टाकले.

पुढे नेरच्या शिबिरात आलेख नीट निघाले. फुलसावंगीच्या लोकांना पुन्हा बोलावलं, निम्मे आले.

दोनेक महिन्यांनी पुसदच्या एका शाळेत शिबिर होतं. शेवटच्या माणसाची तपासणी झाल्यावर मिस्त्री आले, सोबत त्यांची बायको.

"हिचे पाहा," ते म्हणाले. "मी हिले किती वर्षापासून म्हणून राह्यलो, तू तोंडातल्या तोंडात बोलते."

बाई चष्मा काढून खोलीत गेल्या. आत बसल्या, बटण दाबत राहिल्या. अगदी बारीक आवाजालाही त्यांचं बोट चुकलं नाही. त्यांचा आलेख मी मिस्त्रींच्या हातात दिला. त्यांनी खिशातून घडी घातलेला स्वतःचा कागद काढला आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"हिले सगळं ऐकू येते," ते म्हणाले.

"होय."

"अन् बोलतेबी बरोबर."

बाईंनी चष्मा पुसला आणि मला विचारलं, यांनी मशीन लावलं तर ते झोपताना काढावं लागतं का.