पावणेसातशे ग्रॅम मीठ

बाबांना वास येईनासा झालाय, हे घरात सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं. त्यावर उपायही मीच शोधला आणि वाटोळंही मीच केलं. मी अमरावतीत एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. आकडा खोटं बोलत नाही, असं पोरांना रोज सांगतो. अजूनही सांगतो, पण आता सांगताना फळ्याकडे तोंड करतो.

बाबा बाळापूरजवळच्या आमच्या गावी राहतात. मिरची, वांगी, थोडा झेंडू, एवढी शेती. पण पंचक्रोशीत त्यांना ओळखतात ते रोडग्यांमुळे. वऱ्हाडात नवस फेडायचा तर मंदिरापाशी नाहीतर शेतात रोडग्यांचं जेवण घालतात. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, सोबत वरण आणि गंजभर वांग्याची भाजी. गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं; त्यात माणूस मांडी घालून बसेल. हा स्वयंपाक पुरुष करतात आणि आसपासच्या गावांत भाजीवर उभं राहायचं ते बाबांनीच. बदल्यात एक नारळ आणि पहिल्या पंगतीआधी "काका, वाढू का?" असं विचारलं जाण्याचा मान. त्या मानावर ते वर्षभर जगायचे.

या स्वयंपाकाला एक अट असते. देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत भाजीचा थेंबही कुणी जिभेला लावायचा नाही. तीनशे माणसांची भाजी, आणि चव न घेता! बाबा गंजावर वाकायचे, डोळे मिटून वाफ ओढायचे आणि म्हणायचे, "दोन मुठी कमी हाय." लहानपणी मला ते नाटक वाटायचं. पण माझ्या आठवणीत त्यांचं मीठ कधी चुकलं नव्हतं.

मग एका हिवाळ्यात त्यांना ताप आला, आणि जाताना तो नाकाची शुद्ध घेऊन गेला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मी गावी गेलो तेव्हा चुलीवर दूध करपत होतं, घरभर जळका वास, आणि बाबा शेजारीच बसून मिरच्यांची देठं खुडत होते. मी ओरडलो तेव्हा त्यांनी वर पाहिलं. चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मी गुपचूप पातेलं उतरवलं आणि खिडकी उघडली.

पुढच्या दोन जेवणांत त्यांची भाजी बिघडली. एकदा अळणी, एकदा खारट. तोंडावर कुणी बोललं नाही, पण पारावर बोलणं झालंच. "बुढ्याचं वय झालं आता," असं कुणीतरी म्हणालं आणि ते त्यांच्या कानावर गेलं. त्यानंतर शेजारच्या शेताचा मालक आला. त्याच्या घरी अकरा वर्षांनी पाळणा हलला होता, मारोतीला रोडगे बोलले होते. तो म्हणाला, "काका, भाजी तुमीच करा." बाबा हो म्हणाले आणि दुसऱ्या मिनिटाला मला फोन.

"बापू, या खेपेस बिघडलं त मंग मले कोनी गंजापाशी उभं नाई करनार."

मला त्यांचा असा आवाज ठाऊक नव्हता. मी म्हटलं, "बाबा, नाही बिघडणार." कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे.

जोर सापडला तो बायकोच्या मोबाइलमध्ये. तिच्याकडे एक ॲप आहे. एखाद्या व्हिडिओची लिंक त्यात टाकली की पाककृती मापांसकट उतरून येते. चार माणसांचं चाळीस माणसांचं करायचं असेल तर नुसता आकडा बदलायचा, सगळं सामान आपोआप वाढतं. मग एकेक पायरी समोर येते, केली की टिचकी मारायची, स्क्रीन मधेच विझत नाही. बायको त्यावर केक करते. मला वाटलं, यात बाबांनाच उतरवून घेतलं तर?

डोळे तपासायच्या निमित्ताने मी त्यांना अमरावतीला आणलं आणि आठ माणसांची भाजी करायला लावली. आठ माणसांच्या भाजीत मीठ त्यांचा हात घालत होता, नाकाचं काम तिथे पडत नव्हतं. जे जे ते हातात घेत, ते मी आधी काट्यावर ठेवायला लावत होतो.

"हे काय करून राहिला बे?"

"काही नाही बाबा, आठवण म्हणून लिहून ठेवतो."

"आठवन? मी काय मरून राहिलो काय?" ते हसले, पण मूठ काट्यावर मोकळी करत राहिले. खरं कारण त्यांना कळलं असणार असं मला आज वाटतं. अठरा ग्रॅम मीठ भरलं. भाजी अशी झाली की बायकोने बोटं चाटली. मी आठच्या जागी तीनशे लिहिलं. ॲपने हिशेब ओकला: साडेसदतीस किलो वांगी, कोथिंबिरीच्या पंचाहत्तर जुड्या, आणि मीठ पावणेसातशे ग्रॅम. मी ते मीठ घरूनच तोलून पिशवीत बांधून घेतलं. बाबांना सांगितलं नाही. सांगायचं तरी कसं? बाबा, तुमच्या हातावर माझा भरवसा नाही, म्हणून हात बांधून आणलाय?

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल त्या दिवशी कामाला लागला, ते जास्त वाईट झालं.

मंदिरामागे गंज चढला होता. फोडणी, मसाला, वांगी, सगळं बाबांच्या हातून ॲपच्या क्रमानेच चाललं होतं. मी खिशातल्या फोनवर टिचक्या मारत होतो. वांगी अर्धी शिजली आणि बाबा रोडगे उलटवायला निखाऱ्याकडे गेले. सहावी पायरी आली. मीठ घाला. मी आजूबाजूला पाहिलं, पिशवी गंजात रिकामी केली, ढवळलं, टिचकी मारली. आता बाबा आले की कानात सांगायचं, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात यजमानाने, त्या शेजारच्या शेतवाल्याने, हाक मारली, ट्रॅक्टरवरून पाण्याची टाकी उतरवायला हात हवे होते. मी गेलो. पाच मिनिटं लागली असतील, जास्त नाही.

परत आलो तर बाबा गंजापाशी उभे राहून तळहात झटकत होते. हाताला जाड्या मिठाचे खडे चिकटलेले होते.

त्या क्षणी बोललो असतो तर दोन बादल्या पाणी होतं, बटाटे होते, कणकेचे गोळे टाकून खारटपणा ओढता आला असता, अर्धी भाजी दुसऱ्या भांड्यात काढता आली असती. पण बाबांभोवती चार-पाच जण उभे होते, यजमानही होता. त्यांच्यासमोर म्हणायचं की मीठ मी आधीच टाकलंय? म्हणजे बाबांच्या पोरानेच त्यांना गंजावरून उतरवलं, असं झालं असतं. मी त्यांना बाजूला न्यायचा प्रयत्न केला. "बाबा, जरा इकडे या."

"नैवेद्य होऊ दे पहिले," ते म्हणाले. "आज मले जमून राहिलं."

त्यांच्या चेहऱ्यावर मला कित्येक महिन्यांनी आनंद दिसला. मी खिशातून फोन काढला. ॲप पुढची पायरी दाखवत होतं. घातलेलं मीठ काढायची पायरी त्यात नव्हती. एकदा वाटलं, बोट बुडवून पाहावं, कदाचित बाबांनी थोडंच टाकलं असेल. पळीपर्यंत हात नेला आणि मागे घेतला. मी फिजिक्स शिकवणारा माणूस, देवाला हात जोडतानाही मनात शंका काढणारा, पण नैवेद्याआधी चाखायची माझी हिंमत झाली नाही. मिठाची गुळणी धरून उभा राहिलो. मनात म्हणत होतो, वास येऊ दे यांना, एकदाच येऊ दे, आत्ता.

पंगत बसली. "काका, वाढू का?" असं यजमानाने विचारलं, बाबांनी मान हलवली. पहिला घास तोंडात गेला आणि हात लोट्यांकडे वळले. नवसाचं अन्न, कुणी टाकलं नाही, कुणी नाव ठेवलं नाही. लोक नुसते "पानी आन, पानी आन" म्हणत होते. भाजीला कुणी दुसऱ्यांदा हात पुढे करत नव्हतं. बाबा पळी घेऊन रांगेतून फिरत होते, आणि त्यांची चाल प्रत्येक पानापाशी हळू होत गेली. यजमानाच्या म्हाताऱ्या आईसमोर ते वाकले.

"काकू, कसं हाय?"

"बेस हाय बाप्पा," ती म्हणाली, आणि त्यांच्यादेखत अख्खा लोटा घटाघटा प्यायली.

बाबा उभे राहिले. त्यांनी पळी यजमानाच्या हातात दिली. "माहा हात गेला गड्या," एवढंच बोलले आणि निखाऱ्याजवळ जाऊन बसले. मी त्यांच्यापासून दहा पावलांवर होतो. ती दहा पावलं मला चालता आली नाहीत.

निघताना त्यांची मिठाची पुरचुंडी माझ्या सामानात आली. त्यांनी त्यात दुकानातला किलोचा अख्खा पुडा बांधून नेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अमरावतीत मी उरलेलं मीठ काट्यावर ठेवलं. तीनशेवीस ग्रॅम. म्हणजे बाबांनी सहाशेऐंशी टाकलं होतं. ॲपपेक्षा फक्त पाच ग्रॅम जास्त. वास नाही, चव नाही, आणि तीनशे माणसांच्या भाजीत पाच ग्रॅमचा फरक. मी नसतो तर त्या दिवशी त्यांची भाजी चुकली नसती. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मी रडलो. बायकोने विचारलं तेव्हा काहीतरी थाप मारली.

सांगायला मला चार महिने लागले. या चार महिन्यांत बाबांनी तीन बोलावणी परतवली. वांगी लावणंही बंद केलं. फोनवर "जेवलो" म्हणायचे, पण गावी गेलो की सदरा खांद्यावरून घसरत असायचा. शेवटी एका रविवारी मी काटा पिशवीत घालून अकोल्याची बस धरली आणि तिथून गाव गाठलं. ते मिरचीत होते. मी बांधावर बसूनच सगळं सांगितलं. पिशवी, सहावी पायरी, टाकी, सगळं. ॲप उघडून दाखवलं. तीनशेवीस ग्रॅमचं गणित मांडलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी बारा मुठी मोजून टाकल्या होत्या बापू. ध्यानात ठेवून. तरी चुकलं. म्हंजे गेलाच ना हात?"

"नाही चुकलं बाबा! तेच सांगतोय. बारा मुठी बरोबर होत्या. बिघडवलं मी."

"हाव, हाव."

"तुम्ही आता एक मूठ घ्या, मी तोलून दाखवतो." मी काटा मांडला, मिठाचा पुडा फोडला. त्यांनी हात मागे घेतला. मी त्यांचा हात धरून ओढू लागलो, माझा आवाज चढला, पलीकडच्या शेतातली माणसं पाहायला लागली. मी अक्षरशः त्यांच्या पायाशी बसलो होतो. ते खाली बसले आणि गमछ्याने माझं तोंड पुसलं. मी पाचवीत नापास झालो होतो तेव्हा पुसलं होतं तसं.

"मनाले लावून नको घेऊ रे. मले बरं वाटावं म्हनून तू सोताले दोष देऊन राहिला. समजते मले."

मी आणखी दोनदा सांगून पाहिलं. जितकं पुराव्याने सांगितलं, तितकं त्यांना माझं कौतुक वाटत गेलं.

परवा अकोल्याच्या बसस्टँडवर तो यजमान भेटला. कडेवर पोरगी होती, आता उभी राहते म्हणाला. बाबांची तब्येत विचारली. मग जरा घुटमळून म्हणाला, "काका साऱ्या गावाले सांगतात. भाजी माह्या हातानं बिघडली, पन पोरानं दोष सोतावर घेतला. असं पोरगं कोनाले भेटत नाई, म्हनतात."

"तसं नाही हो," मी म्हटलं. "खरंच मी टाकलं होतं मीठ."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "राहू द्या मास्तर," तो म्हणाला, "आमाले समजते."