अकरा सेकंदांची पेन्सिल

पदनाम: आशय-सल्लागार व मार्गदर्शक आवाज (बालवय), अर्धवेळ. वय: त्रेसष्ट. पूर्वानुभव: बालवर्गावर चौतीस वर्षे. संगणकज्ञान: सुरू करता येतो, बंद करण्याविषयी नोंद उपलब्ध नाही. बोलण्याची पद्धत: आज्ञार्थी. स्वभाव: तापट. बैठकांतील उपस्थिती: पूर्ण. बैठकांतील उपयुक्तता: निश्चित व्हायची आहे. वेळेचे भान: कमी.

कंपनीच्या दफ्तरी बाईंचं वर्णन असं होतं. तापट वगैरे बाबींवर बाईंनी स्वतः सही करून दिली असती. शेवटच्या कलमासाठी मात्र त्यांनी लिहिणाऱ्याचा कान धरला असता. चौतीस वर्षांत त्या शाळेत एकदाही उशिरा पोचल्या नव्हत्या, आणि या कचेरीतही रोज दहा मिनिटं आधी येऊन, न उघडलेल्या काचेच्या दारासमोर पिशवी छातीशी धरून उभ्या असत.

कंपनी एक ॲप बनवत होती. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, स्क्रीनशिवाय. फोन पालथा ठेवायचा. आवाज प्रश्न विचारणार, मूल उत्तर देणार, आवाज त्याला पुढे नेणार. स्क्रीनपायी मुलांचे डोळे, मान आणि धीर तिन्ही जातात असं कंपनीचं ठाम मत होतं, आणि हे मत ती भिंतभर स्क्रीनवर दाखवत असे. त्या खोलीत बाईंनी चौदा स्क्रीन मोजल्या होत्या, चहाच्या मशीनवरची धरून.

बाईंचा आवाज काही गोड नव्हता. आधी एका तरुण मुलीचा तयार आवाज घेतला होता. मुलं तो तोंडात बोट घालून ऐकत बसत, उत्तर कोणी देत नसे. बाईंच्या आवाजाला मात्र उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही, हे मुलांना दुसऱ्या वाक्यातच कळायचं. म्हणून बाई.

पहिला कच्चा नमुना तयार झाला तेव्हा बाई तो घरी घेऊन गेल्या आणि पाच वर्षांच्या नातीपुढे फोन पालथा ठेवला. नातीला शाळेत ‘हळू आहे’ असं म्हणत. म्हणणाऱ्यांना त्यातून काय सुचवायचं असे ते बाईंना कळायचं, आणि म्हणून त्या स्वतः नातीच्या शाळेची पायरी चढायच्या नाहीत, लेकीला पाठवायच्या.

फोनमधून बाईंचाच आवाज आला, “तुझ्याजवळ गोल काय आहे? एक सांग.”

नातीने पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, फ्रॉकचा पुढचा भाग चिमटीत धरला. ओठ उघडले.

“काही हरकत नाही! चाक गोल असतं,” आवाज म्हणाला. “आता पुढे जाऊ या!” टिंग.

“ऐक ना,” नात फोनला म्हणाली.

फोन पुढे गेला होता. दुसऱ्या प्रश्नालाही तेच झालं. तिसऱ्या प्रश्नाला नात काही बोलायला गेलीच नाही. हाताची घडी घालून गप्प बसली, फोनने स्वतःच उत्तर देईपर्यंत. मग आजीकडे वळून म्हणाली, “ह्याला सगळं येतंय. मग मला कशाला विचारतो?”

दहा प्रश्नांनंतर फोनने निकाल सांगितला. ॲपमध्ये मुलांचे तीन गट होते: अंकुर, रोप आणि झाड. नात अंकुर. सहा महिन्यांनी हे ॲप गावोगावच्या बालवर्गांत जाणार होतं आणि पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मुलाला कुठल्या रांगेत बसवायचं ते हेच ठरवणार होतं. हजारो मुलं, आणि त्यांना ‘काही हरकत नाही’ म्हणून मागच्या रांगेत पाठवणारा आवाज बाईंचा. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय हे बाई वर्गात अभिनय करून शिकवत असत. त्या संध्याकाळी अभिनयाची गरज पडली नाही.

बाईंच्या रागाची एक खूण होती. त्या ओरडत तेव्हा काळजी नसे. त्या मऊ बोलायला लागल्या की वर्गातली मुलं दप्तरं आवरून बसत. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत बाई प्रकल्पप्रमुखाला ‘आपण’ म्हणाल्या. प्रमुख एकतीस वर्षांचा होता, आणि त्याला तो आदर वाटला.

“आपण मुलाला उत्तरासाठी अडीच सेकंद दिलेत. हे कोणी ठरवलं?”

“डेटाने, मॅडम.”

“कुठे बसतो तो? बोलवा.”

कोणीतरी फसकन हसलं आणि लगेच खोकलं. प्रमुखाने समजावून सांगितलं की चाचणी झाली आहे, चाळीस मुलांवर, आणि सरासरी उत्तर एक पूर्णांक आठ सेकंदांत आलं आहे. बाईंनी खोदून विचारल्यावर असं निघालं की चाळीसही मुलं कंपनीच्याच लोकांची होती, सुट्टीच्या दिवशी आणली होती, आणि प्रत्येक उत्तरामागे एक चॉकलेट होतं.

“अहो, चॉकलेटासाठी मीसुद्धा एक पूर्णांक आठमध्ये काहीही सांगीन.”

“मॅडम, शांतता तीन सेकंदांच्या वर गेली की पालकांना वाटतं ॲप बंद पडलं.”

“आणि मुलाला काय वाटतं?”

“त्याचा डेटा नाही.”

“मग किती हवेत तुम्हाला?” पलीकडून एकाने विचारलं. “चार? पाच?”

“एका पेन्सिलीला टोक काढायला लागतो तेवढा वेळ.”

प्रमुखाने वहीत ‘पेन्सिल’ असं लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं, आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. पुढच्या बैठकीतही बाईंनी तोच विषय काढला. त्याच्या पुढच्याही. चौथ्या खेपेला नोंदीत ते कलम चढलं: वेळेचे भान कमी.

पेन्सिलीचं असं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी बाईंच्या वर्गात एक मुलगी होती. वर्षभर तिने तोंड उघडलं नाही. बाई प्रश्न विचारायच्या, तिच्याकडे बघायच्या, ती बाईंच्या चपलांकडे बघायची, आणि बाई पुढच्या मुलाकडे वळायच्या. पस्तीस मुलं, कोणाकोणापाशी थांबणार? वर्षाच्या शेवटी त्यांनी तिच्या नावापुढे ‘याच वर्गात ठेवावे’ असं लिहून सही केली. शेवटच्या दिवशी तिची आई फाटकापाशी तिच्या बुटाची नाडी बांधत होती आणि हसत म्हणाली, “बाई, हिने घरी डोकं उठवलंय हो. रोज तुमचे सगळे प्रश्न विचारते आणि उत्तरंही स्वतःच देते. तुमच्यासारखा आवाज काढून.” मुलगी तेव्हाही चपलांकडेच बघत होती. कागद वर गेलेला होता. बाई मुख्याध्यापिकेकडे गेल्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, आता काय उपयोग.

त्या दिवशी चढलेला राग पुढे कधी उतरला नाही, एवढंच. लोकांना तो आपल्यावर आहे असं वाटायचं.

दुसऱ्या वर्षीपासून बाई थांबायला लागल्या. पण नुसतं थांबून मुलाकडे बघत राहिलं की ते आणखी मिटतं, हेही त्यांच्या लक्षात आलं. म्हणून त्या प्रश्न विचारून झाला की डब्यातली एक पेन्सिल उचलायच्या आणि शार्पनरमध्ये घालून सावकाश फिरवायच्या. खर्र, खर्र. नजर टोकावर. मुलाला वाटायचं, बाई आपल्या कामात आहेत, आपल्याला सवड आहे. टोक निघेपर्यंत बहुतेकांचं उत्तर यायचं. नाही आलं तर बाई ते टोक मोडायच्या आणि पुन्हा सुरुवात करायच्या. शाळेचा शिपाई म्हणायचा, “बाई, तुमच्या वर्गाला पेन्सिली पुरतात कशा?” पुरत नसत. बाई घरून आणत.

हे सगळं त्यांनी प्रमुखाला सांगितलं नाही. त्याला अडीच सेकंदांत सांगता आलं नसतं.

आता कात्री. आवाजांची काटछाट करणारा हा माणूस पन्नाशीचा होता आणि त्याला सगळे याच नावाने हाक मारत. आयुष्यभर त्याने लोकांच्या भाषणांतले खोकले, उसासे आणि ‘अं’ कापले होते. हात इतका चलाख की दिवसाचं काम तो चहा निवायच्या आत उरकतो अशी त्याची ख्याती. रेकॉर्डिंगच्या खोलीत काचेपलीकडे तो, अलीकडे बाई.

“कात्री, तुम्ही प्रश्नानंतर नुसती शांतता ठेवा. त्यांना कळणार नाही.”

“बाई, मी ठेवीन हो, ती राहणार नाही. आपलं सॉफ्टवेअर दोन सेकंदांच्या वरची शांतता स्वतःच खातं. मला विचारतसुद्धा नाही.”

“खातं?”

“खातं. त्याला वाटतं चूक आहे.”

बाई माइकपुढे बसल्या आणि मऊ आवाजात म्हणाल्या, “चला, पुढचा प्रश्न घेऊ या.” कात्रीने मान खाली घातली, त्यालाही एव्हाना ती खूण कळायला लागली होती. बाईंनी विचारलं, “पावसात भिजल्यावर काय काय जड होतं?” आणि राग इतका होता की हात आपोआप पिशवीत गेला, पेन्सिल निघाली, शार्पनर निघालं. खर्र, खर्र. काचेपलीकडे कात्रीने थांबवायला हात वर केला आणि तसाच ठेवला. टोक निघालं. बाई भानावर आल्या.

“चुकलं. पुन्हा घ्या.”

“थांबा,” कात्री म्हणाला. त्याने तो तुकडा लावून पाहिला. पुन्हा लावला. “बाई, हे त्याने खाल्लं नाही. अकरा सेकंद. जसंच्या तसं.”

“का?”

“शांतता नाही ना. खरखर आहे. त्याला वाटतंय तुम्ही अजून बोलताय.”

“मग त्याने काय होणार? मूल बोललं तर ते ऐकायला तर हवं.”

“तेच तर!” कात्री खुर्चीतून उठला. “ते ऐकणार. आठवतंय, प्रमुखसाहेबांनी काय बसवून घेतलं? हुशार मूल प्रश्न संपायची वाट बघत नाही, म्हणून आवाज चालू असतानाही मुलाचं बोलणं ऐकायचं. तुमचा प्रश्न टोक निघेपर्यंत संपतच नाही. अडीच सेकंद त्यानंतर सुरू.”

बाईंनी हे दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाल्या, “म्हणजे माणूस मुकाट थांबला तर चूक, आणि खरखर केली तर काम?”

“सगळ्या ऑफिसांत तसंच असतं, बाई.”

दोनशे बारा प्रश्न त्यांनी पुन्हा केले. पाच दुपारी लागल्या. बाईंचा पेन्सिलींचा डबा दुसऱ्याच दिवशी संपला, तेव्हा कात्री लेकीचं कंपासबॉक्स घेऊन आला, मग शेजारच्या टेबलांवरच्या पेन्सिली. नोंदीत त्याने ‘पार्श्वध्वनी: नैसर्गिक’ असं भरलं. खोलीतल्या केराच्या टोपलीत इतके लाकडाचे छिलके साठले की सफाईवाल्या मावशींनी विचारलं, इथे सुतार बसवलाय का.

ॲप बाहेर पडायच्या आदल्या दिवशी प्रमुखाने कानांत इअरफोन घालून ते सलग ऐकलं. मग तो रेकॉर्डिंगच्या खोलीचं दार न ठोठावता आत आला.

“हे काय वाजतंय?”

“टोक काढतेय.”

“प्रत्येक प्रश्नाला?”

“प्रत्येक मुलाला.”

“मॅडम, हे ठरलेलं नव्हतं! हे काढा. आत्ताच्या आत्ता.”

“काढा की,” बाई म्हणाल्या, आणि त्या कचेरीत पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. खोलीची काच थरथरली असं कात्री नंतर सांगत असे, पण तो रंगवून सांगतो. “काढा! पण मग प्रश्न दुसऱ्या कोणाच्या तोंडून विचारा. माझ्या आवाजात पोराला कोणी गप्प बसवायचं नाही. एकदा बसवलंय मी. सही करून बसवलंय. तू नव्हतास तेव्हा जन्माला!”

प्रमुखाला ‘आपण’वरून ‘तू’वर आलेलं कळलं. एवढं झाल्यावर तो आदर वाटण्याचा प्रश्न नव्हता. तो कात्रीकडे वळला.

“हाताने कापायला किती वेळ लागेल?”

कात्रीने छताकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं. चांगले सहा-सात सेकंद गेले. प्रमुखाने ते दिले. घाईत होता, पण दुसरा इलाज नव्हता.

“तीन आठवडे,” कात्री म्हणाला.

ॲप ठरल्या दिवशी बाहेर पडलं, खरखरीसकट. त्याच आठवड्यात बाईंना काचेच्या दाराआड बसवून सांगण्यात आलं की त्यांच्या सेवांची पुढे आवश्यकता नाही. तीन महिन्यांनी कंपनीचा अहवाल निघाला आणि कात्रीने तो बाईंना घरी आणून दिला, वर कंपनीला तोंडभर शिव्या देऊन. अहवालात म्हटलं होतं की प्रकल्पप्रमुखांच्या कल्पनेतून साकारलेल्या ‘निवांत श्रवण’ या वैशिष्ट्यामुळे बालवर्गांतील प्रतिसादाचे प्रमाण अपेक्षेच्या दुप्पट झाले आहे. शेवटच्या पानावर, माजी सल्लागारांच्या यादीत, बाईंच्या पदनामापुढे दोन शेरे होते. वेळेचे भान: कमी. फेरनियुक्ती: नाही.

बाईंनी अहवाल पालथा ठेवला, शेजारी फोन पालथा ठेवला, आणि नातीला हाक मारली.

फोनने विचारलं, तुझ्याजवळ गोल काय आहे, एक सांग. मग खरखर सुरू झाली.

नवव्या सेकंदाला नात म्हणाली, “बटण.”