पेज गाळायचा टाय

माझी स्मरणशक्ती चांगली आहे असं सासरी कुणी म्हणत नाही. 'हिच्या पोटात राहतं' असं म्हणतात. खरंच राहतं. एखादी गोष्ट पोटात राहिली की मी तिला रोज थोडं थोडं खायला घालते आणि ती चांगली धष्टपुष्ट होते.

आमच्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला मुलीच्या माहेरून वझं येतं. नेवऱ्या म्हणजे करंज्या, लाडू, फळांच्या परड्या, जावयाला कापडं. ते नुसतं येत नाही, गणपतीसमोर मांडलं जातं. शेजारीपाजारी येऊन बघतात, माहेरच्यांनी हात किती सैल सोडला त्याचा अंदाज घेतात, आणि मग लाडू घेऊन जातात. माझं वझं घेऊन बाबा स्वतः कोरगावहून डिचोलीला आले, त्यात माझ्या नवऱ्यासाठी सुटाचं कापड होतं आणि एक टाय होता.

तो टाय बाबांनी इटलीतून आणला होता. बाबा प्रवासी जहाजावर खोल्या साफ करायच्या कामाला होते. लग्नाला त्यांना जेमतेम सुट्टी मिळाली, जावयाला म्हणून काही घेणं राहून गेलं, ते मनाला लागलं होतं. मग पुढच्या फेरीत एका बंदरावर उतरून, दुकानात शिरून, त्यांनी हा गर्द निळा रेशमी टाय घेतला. त्यावर नक्षी नाही, चमक नाही. हाताला जरा खरखरीत आणि जवळून पाहिलं तर जाळीदार.

माझे थोरले दीर वझ्यापुढे बसले होते. आमच्या घरात कुठलीही वस्तू आली की आधी त्यांच्या हातात जाते, त्यांनी पास केली की मग ती चांगली. लुंगी असो, पंचा असो, ते कापड उजेडात धरून बघतात. पलीकडचं दिसलं की माल हलका. त्यांनी टाय उचलला, गणपतीवर फळं-पानं टांगलेल्या माटोळीखाली उभे राहिले, सजावटीच्या ट्यूबलाइटसमोर धरला आणि सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्यो टाय की पेज गाळूची गाळणी?"

सगळे हसले. जाऊबाई हसल्या, शेजारच्या काकू हसल्या, आरतीची झांज हातात घेऊन बसलेले भटजीसुद्धा हसले. ते एक वेळ चाललं असतं. माझा नवरा हसला. माझ्या लग्नाचा हिरवा चुडा अजून हातात होता, आणि तो माणूस माझ्या बापाच्या समोर, भावाकडे बघत, मान हलवून हसला.

बाबाही हसले. जहाजावर पाहुण्यांपुढे हसायचं असतं, तसं. ते नेवरी खाऊन, पाणी पिऊन निघाले. गाडीत बसताना मला एवढंच म्हणाले, की जावयाला सांग, सोडताना खेचून काढू नको, गाठ सुटी कर, नाहीतर धागा बाहेर येतो. त्यांना वाटत होतं जावई तो बांधेल.

जावयाने तो कधी बांधला नाही. दिवाळीनंतर त्याच्या भावाने, म्हणजे भावोजींनी, म्हापशाहून चकचकीत सॅटिनचा लाल टाय आणून दिला, तो प्रत्येक लग्नाला गळ्यात. बाबांचा टाय मी उशीच्या अभ्र्यात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवला. नवऱ्याने कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पण त्या दिवशी ठरवलं की ह्या दोघांना हा टाय मी गळ्याशी आणून दाखवीन.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी पेडण्याला, विमानतळाजवळच्या हॉटेलात स्वागत कक्षावर लागले. रोज टायवाले येत. मी तोंडाकडे बघण्याआधी गळ्याकडे बघायची. एकदा एक म्हातारे परदेशी गृहस्थ अगदी तसाच टाय घालून उभे राहिले, फक्त त्याची जाळी बारीक होती. मी नाव-पत्ता लिहून घ्यायचा सोडून त्यांना टायबद्दल विचारलं. माणूस खूश झाला. त्यांची टॅक्सी येईपर्यंत आम्ही टाय ह्याच विषयावर बोललो. त्या दिवशी कळलं की ह्याला ग्रेनेडीन म्हणतात. उरलेलं मी रागाच्या भरात शिकले, आणि रागाने शिकलेलं विसरत नाही.

साध्या कापडात ताण्याचे उभे धागे सरळ जातात, आडवा बाणा त्यांच्या वर-खाली. ग्रेनेडीनमध्ये ताण्याचे दोन धागे प्रत्येक वेळी एकमेकांना पीळ घालतात आणि त्या पिळात बाण्याला धरून ठेवतात. अबोलीच्या वळेसरात, म्हणजे गजऱ्यात, दोरा देठ आवळतो ना, तसं. म्हणून मध्ये फट राहते, आणि फट असूनही विणलेलं जागचं हलत नाही. बारीक जाळीच्या जातीला फिना म्हणतात, मोठ्या जाळीच्या जातीला ग्रोसा. फिना लांबून साधी दिसते, ती जास्त औपचारिक, ऑफिसला, मोठ्या समारंभाला. ग्रोसाचा पोत दुरूनही उठतो, ती थोडी मोकळी, पण रंग गर्द आणि एकच असला तर कुठल्याही लग्नात मान खाली घालायला लागत नाही. बाबांचा टाय ग्रोसा होता. सॅटिनमध्ये धागे लांब लांब वर तरंगतात, म्हणून ते चकाकतं, आणि जितकं चकाकतं तितकं दिवसाउजेडी उथळ दिसतं. आणि खरं ग्रेनेडीन ओळखायचं कसं? उजेडात धरायचं. आरपार दिसलं तर खरं. भावोजींनी बरोबर तीच परीक्षा घेतली होती आणि निकाल उलटा वाचला होता. हे कळलं तेव्हा मी हॉटेलात कामवाल्यांच्या खोलीत एकटीच मोठ्याने हसले.

मग पुतणीचं लग्न ठरलं, म्हणजे ह्याच भावोजींच्या मुलीचं. नवरामुलगा मडगावचा, बाहेर शिकलेला, कपड्यांच्या बाबतीत भलता काटेकोर. त्याने दोन्हीकडच्या जवळच्या पुरुषांसाठी निरोप पाठवला: रिसेप्शनला गर्द सूट आणि निळा ग्रेनेडीन टाय, चमकणारं काही नको. भावोजींनी मोबाइलवर मागवला. रिसेप्शनच्या आदल्या दिवशी आला तो पॉलिएस्टरवर जाळीचं चित्र छापलेला, आरशासारखा चमकणारा. पुतणीने बघितला आणि रडायला लागली. मग तिनेच बापाला मोबाइलवर खऱ्याचा फोटो दाखवला, आणि भावोजींनी तो फोटो बोटांनी मोठा करून जाळी निरखली.

ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. एरवी आत हाक मारून मागवणारा माणूस दारात उभा. विचारलं, तुझ्या बाबांनी आणलेला तो टाय आहे का अजून. मी भाकरी थापत होते, थापतच राहिले. म्हटलं, आहे, पण तो तुमच्या भावाला दिलेला, त्यालाच विचारा. ते म्हणाले, तो काय नाही म्हणणार. मलाही तेच वाटत होतं.

रात्री झोपण्याआधी मी अभ्रा उघडून टाय नवऱ्यापुढे ठेवला. त्याने ओळखला. काही बोलायला लागला, मी बोलू दिलं नाही.

"उद्या बाबा येणार आहेत," मी म्हणाले. "हा घाल. आणि कुणी मागितला म्हणून काढून दिलास, तर मी तशीच त्यांच्याबरोबर कोरगावला जाईन. परत येणार नाही."

मी थट्टा करत नव्हते. बॅग भरून ठेवली होती, साड्या वर, त्यावर नोकरीचे कागद. मला पुतणीचं वाईट वाटत होतं का? थोडं. पण ती पोर लहान असताना मीच तिला सांभाळली होती, ते देणं मी फेडून बसले होते. हे वेगळं.

हॉलमध्ये बाबा पुढच्या रांगेत बसले होते, आता वाकलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट. आम्ही स्टेजवर. नवऱ्याने साधी एकेरी गाठ मारली होती, मीच शिकवली होती, जाड जाळीला मोठी गाठ सोसत नाही. शेजारी भावोजी, लग्नाच्या धावपळीत भावाकडे टाय मागायचं राहून गेलेले; त्यांचा टाय स्टेजच्या दिव्यांत नुसता लखलखत होता. मडगावची मंडळी आली. मुलाचे थोरले काका, परदेशातून थेट रिसेप्शनलाच आलेले, पायऱ्या चढले, दोघा भावांकडे बघितलं, सरळ माझ्या नवऱ्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "मुलगी दिलीत, आम्ही भाग्यवान."

नवरा गोंधळला. भावोजी पुढे होऊन म्हणाले, वडील मी. सगळे हसले, आणि मी हे हसू ओळखलं. माटोळीखालचं हसू होतं ते. फक्त ह्या वेळी भावोजींच्या वाट्याला आलं. मला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही.

भावोजींचा चेहरा लाल झाला. त्यांनी भावाच्या कोपराला धरलं, पहिल्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की काढ तो टाय, फोटोच्या आधी बदलूया, मी वधूपिता आहे. माझ्या नवऱ्याचा हात गाठीकडे गेला. आयुष्यभर भावाच्या शब्दाला पुढे झालेला हात, सवयीने गेला. मी बाबांकडे बघितलं नाही, नवऱ्याकडेच बघत होते. बाबाही त्याच्याकडेच बघत असणार. त्याची बोटं गाठीवर थांबली. गाठ सुटली असती तर मी स्टेजच्या पायऱ्या उतरून गेले असते, देवाशपथ.

त्याने गाठ थोडी वर सरकवून घट्ट केली.

"ती पेज गाळूची गाळणी, दादा," तो म्हणाला. "तुका कित्याक जाय?"

तुला कशाला हवी, हे ऐकल्यावर भावोजींचा हात कोपरावरून सुटला. पुतणी पुढे आली, तिने बापाचा तो चमचमता टाय सोडून घडी करून पर्समध्ये टाकला, कॉलरचं बटण उघडलं आणि त्यांना फोटोसाठी तसंच उभं केलं. फोटोत भावोजी उघड्या गळ्याने आहेत. आमच्या बैठकीच्या खोलीत तो फोटो मी मुद्दाम मोठा करून लावला आहे.

जेवायला निघताना बाबांनी मला खूण करून जवळ बोलावलं. मला वाटलं, काहीतरी मोठं बोलतील. ते स्टेजकडे बघत होते, त्यांचा जावई अजून उभा होता तिथे. म्हणाले, त्याला सांग, घरी जाऊन खेचून काढू नको. गाठ सुटी कर म्हणावं.

मी म्हटलं, बाबा, तुम्हीच सांगा. आणि त्यांना हाताला धरून पायऱ्या चढवल्या.