आईच्या हनुवटीएवढी झाडं

शेजाऱ्याने माझ्या ओट्याकडे खिडकी काढली, त्याच आठवड्यात मी कण्हेर लावली.

पाया खोदताना तो मला म्हणाला होता, "ताई, तुमच्या बाजूला खिडकी ठेवणार नाही." घर झालं आणि खिडकी बरोबर माझ्या ओट्यावरच्या खुर्चीवर रोखलेली. जळगावात भांड्यांचं दुकान मी एकटीने उभं केलंय. शब्द फिरवणाऱ्याला मी दुकानाची पायरी चढू देत नाही. पण शेजारी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे, त्याला हाकलता येत नाही.

नर्सरीत सगळी रोपं पिशवीत, सगळी गुडघ्याएवढी. माझा धंदा भांड्यांचा. पातेलं दुकानात जेवढं, तेवढंच घरी. दाट दिसली ती निवडली, भाव पाडला, वर दोन रोपं फुकट घेतली आणि हातहात अंतरावर ठोकली.

"ताई, हे वाढतं बरं का," नर्सरीवाला म्हणाला होता.

"वाढावं म्हणूनच नेतेय."

किती वाढतं, ते त्याने सांगितलं नाही. डबा पाच किलोचा असेल तर मी गिऱ्हाइकाला पाच किलोचाच सांगते.

खिडकी झाकली गेली. मग गल्ली झाकली गेली, फाटक अर्धंच उघडू लागलं, आणि बैठकीत भरदुपारी दिवा लागू लागला. फुलं आली ती गच्चीच्या कठड्यापाशी. खाली आमच्या वाट्याला नुसते बुंधे.

त्यात आईला पारोळ्याहून आणलं. तिचे गुडघे गेलेले, दिवसभर ओट्यावर खुर्चीत. आठवड्याने तिने बोचकं बांधलं.

"आठे बठ्ठं हिरवंच शे. मानूस एक दिसत नही. माले घर पोचाड."

"तिथं तुला पाणी कोण देईल?"

"कोनी भी दी. तठे लोके दिसतस तरी."

मी चिडले, पातेलं आपटलं. पण आईशी घासाघीस चालत नाही, ती भावच सांगत नाही. झाडं ठेवली तर ती जाणार. काढली तर शेजारी जिंकणार.

शेवटी सुतळी घेतली. आईला खुर्चीत बसवलं आणि जमिनीपासून तिच्या हनुवटीपर्यंत मापून गाठ मारली.

"माले काय झंपर शिवाले टाकस का?" ती म्हणाली.

सुतळी घेऊन नर्सरीत गेले. "पूर्ण वाढल्यावर या गाठीच्या खाली राहील असं फुलझाड दाखवा."

"ही बुटकी तगर घ्या. यापुढे जात नाही."

"जुनं झाड कुठं आहे ते सांगा. मी बघून येते."

त्याने जामनेर रोडवरचा पेट्रोल पंप सांगितला. तिथं तगर खरोखर कमरेएवढी होती. पंपावरच्या माणसाला विचारलं, "कापता का हो?"

"दर महिन्याला कापतो. नाहीतर डोक्यावर जाते."

तशीच रिक्षा वळवली. नर्सरीवाल्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्याने मला मागच्या बाजूला नेलं. बुटक्या एक्झोऱ्याची झाडं तिथं जमिनीत लावलेली होती, बुंध्याला जून साल, लाल फुलांनी भरलेली. मी सुतळी लावली. गाठ वीतभर वर राहिली. लागतील तेवढीच रोपं घेतली, दोन-दोन हातांवर लावायला. या वेळी वर फुकट काही मागितलं नाही. तो मात्र देत होता.

कण्हेर मुळासकट काढली, तिथं एक्झोरा लावला. ओट्यावर ऊन आलं. आई खुर्चीत सरळ बसली आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागली, कुठं चालला.

त्याच संध्याकाळी समोरची खिडकी उघडली. शेजाऱ्याची बायको आईला म्हणाली, "अक्का, आलात कधी? दिसलाच नाहीत! भरीत केलंय, देऊ का?"

"दे ना माय. कयन्यानी भाकर व्हई ते ती बी दे."

मी आतून ओरडले, "आपल्याकडे स्वयंपाक झालाय!"

कुणी ऐकलं नाही. कळण्याच्या भाकरीसकट वाटी खिडकीतून आली, एक्झोऱ्यावरून आली, आईच्या हातात पडली. एवढ्या ठेंगण्या झाडांनी ती अडणार कशी?

आता ओटा त्या दोघींचा आहे. शेजारी खिडकीत उभा राहून "काय ताई, बरंय ना?" असं विचारतो. माझा चहा मी स्वयंपाकघरात उभ्यानेच पिते.