शालीखालचा हात

अकोल्याच्या कापूस बाजारातला तो दलाल बोलताना समोरच्याचा हात हातात घेतो. पूर्वी इथं रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरायचा. आता सगळे मोबाइलवर भाव बघतात, पण त्याची सवय सुटलेली नाही. गरज कोणाला किती आहे, ते त्याला हातावरून कळतं म्हणे. म्हणून मी त्याच्यापासून जरा लांबच उभा राहतो.

परवा व्हिएतनामच्या एका शहराचे पाहुणे आले होते. त्या शहराशी आमचं भगिनी शहर म्हणून नातं जुळायचं होतं. लेझीम झाली, भाषणं झाली. माझ्या जिनिंग कारखान्यात कापसाच्या गाठी न विकता पडून होत्या आणि पाहुण्यांमधला सूतगिरणीवाला कापसाचं नावच काढत नव्हता, नुसता हसत होता.

एकदम हा दलाल मंचावर चढला. पाहुण्याच्या खांद्यावरची सत्काराची शाल ओढून त्यानं दोघांच्या हातांवर टाकली आणि आतून त्याची बोटं धरली. दुभाषी बाई अर्धवट उठल्या. पाहुण्याचं हसू गेलं, पण त्यानं हात काढला नाही. शाल आतून हलत राहिली.

दलाल खाली उतरल्यावर मी त्याला कोपऱ्यात गाठलं. "काय म्हणतो?"

"त्याले माल घ्याचा हाय. बोटं दाबून राहिला होता." बोलता बोलता त्यानं माझा हात धरला आणि तो थांबला.

"तुमी मातर आज त्याच्याशी हात मिळवू नका, शेठ. थंडगार पडला हाय तुमचा."