बिनभोकाची कुंडी

माझ्या नणंदेचा जन्म लाँड्रीत इस्त्री करण्यात गेला. लोकांच्या कॉलरी ताठ करता करता हिची पाठ वाकली. इस्त्री झाली की कपड्यांवर बाटलीतला लव्हेंडरचा वास फवारायचा, ही तिथली रीत. ते झाड दिसतं कसं, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. म्हणून काम सोडलं त्या दिवशी मालकाने “तुम्ही आमच्या घरच्याच” म्हणत लव्हेंडरचं रोप हातात ठेवलं, तेव्हा ती हरखून गेली. कुंडी सोनेरी काठाची, चिनी मातीची. बुडाला भोक नाही! घरच्या माणसाला असं कोणी देतं? कुंडी पाहिली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मालक तरी परका. पोटच्या पोराचं काय? सून आली तेव्हा त्याने आईचा पलंग मागच्या खोलीत नेऊन टाकला. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत. मी बोलले तर म्हणतो कसा, “मामी, आई दिवसभर कामावरच असते. तिला ऊन काय करायचंय?” आता काम सुटलं, तरी खोली तीच. रोपही तिथेच, तिच्या उशाशी, अंधारात.

पुढच्या खेपेला गेले तर रोपाने मान टाकलेली. खालची पानं काळी.

“वहिनी, मी जाता-येता पाणी शिंपडते हो,” ती रडवेली होऊन म्हणाली.

शिंपडणारच! इस्त्रीवालीचा हात तो. वाळकं दिसलं की ओंजळीतून शिडकावा.

“अगं बाई, ती काय चादर आहे?”

रोप कुंडीतून काढलं तर कुबट वास आला. पाण्याला जायला वाटच नव्हती, करणार काय बिचारं? आम्ही दोघींनी काळी मुळं कात्रीने छाटली, उरलेली कागदावर पसरून सुकू दिली. साध्या मातीच्या कुंडीत विटांचे तुकडे, वाळू आणि मूठ-दोन मूठ माती घालून रोप लावलं. सोनेरी कुंडी त्या मेल्या मालकाच्या टाळक्यात घालावी, असं माझं मत होतं. तिने त्यात कपड्यांचे चिमटे ठेवले.

आता ठेवायचं कुठे?

सूनबाई म्हणाली, “बाथरूममध्ये ठेवा ना आई, छान वास येईल.”

“वाफेत मी जन्म काढला. याला नाही काढायला लावणार.”

नणंद असं बोलली! मी बघतच राहिले. ती उठली, कुंडी कडेवर घेतली आणि थेट पुढच्या गॅलरीत गेली. घरात ऊन येतं ते तेवढ्याच जागी. आणि त्या जागी भाच्याचं व्यायामाचं मशीन. त्यावर आजवर घाम कुणाचा गळला नाही, टॉवेल तेवढे वाळतात.

“आई, मग मशीन कुठे ठेवू?” तो म्हणाला.

“मागच्या खोलीत. तू दिवसभर कामावरच असतोस. त्याला ऊन काय करायचंय?”

पोराचं तोंड बघण्यासारखं झालं. मला हसू आवरेना, पण ती हसली नाही. म्हणाली, “आणि माझा पलंगही इथे आणा. रोपाकडे कुणीतरी बघायला हवं.”

त्याने मशीन ओढलं. धुसफुसत का होईना, पलंग उचलला. गॅलरीला काचा आहेत, वाऱ्या-पावसाची भीती नाही. इतकी वर्षं हे कुणाला सुचलं नाही, याचाच मला अजून संताप येतो.

परवा गेले तर रोपाला शेंड्यावर राखाडी-हिरवी पालवी. बोलता बोलता नणंदेचा हात तांब्याकडे गेला, ओंजळ भरली. मी डोळे वटारले.

“अगं, माती ओली आहे अजून!”

तिने ते पाणी स्वतःच्या तोंडावर मारलं आणि उन्हात डोळे मिटून बसली.