कुसुंबी फेट्याचं दुसरं टोक

मी आणि माझ्या बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते फेटा झटकायचं. खळ लावलेला ओला फेटा एकट्याच्यानं आवरत नाही. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या हातात आणि मधे अंगणभर कुसुंबी कापड. ती म्हणाली, "असे ताणू नका, बैल नाई बांधला त्याले." आणि स्वतःच असा हिसका दिला की मी धडपडत पुढं गेलो.

फेटा माझ्यासाठी नव्हता. आमच्या तालमीचे गडी हुतुतू खेळायचे. कापूस वेचून झाला की खेळ सुरू, होळीला बंद. आधी अमरावतीतल्या पेठांशी, मग आसपासच्या गावांशी, शेवटी अकोल्याच्या गड्यांशी. हंगामभर जो सगळ्यांत चांगला खेळला, त्याला होळीच्या संध्याकाळी कडुनिंबाखाली फेटा बांधायचा. निवड माझ्याकडे होती, कारण तालमीत माझ्यापेक्षा म्हातारं कोणी उरलं नव्हतं. आणि रीत अशी की फेटा निवडणाऱ्याच्या घरचाच पाहिजे. कोष्ट्यानं विणावा, रंगाऱ्यानं रंगवावा, पण कापूस घरचा आणि सूत घरच्या बाईनं कातलेलं.

त्या साली घरात कापूस ठेवायचा म्हणजे वेडेपणाच होता. समुद्रापलीकडे कुठं तरी लढाई लागली होती, तिकडचा कापूस बंद झाला होता, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला कधी नव्हे तो भाव आला होता. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदी चढवली. गाद्या उसवून आतला जुना कापूस विकला. आमच्या शेजारणीनं उशीसुद्धा विकली आणि पाटावर डोकं ठेवून झोपायला लागली. आमची मात्र बांधाकडच्या एका ओळीला कोणाला हात लावू देत नव्हती. "ते फेट्याचं हाय," एवढंच बोलायची.

फेटा झटकता झटकता तिनं विचारलं, "यंदा कोनाले?"

"कोनाले म्हंजे? कापसाच्या आडत्याच्या गाड्या हाकते त्याले. त्याच्याएवढे गडी कोनं मारले?"

खरंच होतं ते. तो दम भरून पलीकडे घुसला की समोरच्यांची दाणादाण उडायची.

"त्याचं नका सांगू मले," ती म्हणाली. "तो घोगऱ्या आवाजाचा कोन व्हय? त्याले द्या."

"कोन घोगरा?"

"'मागं ये, डाव्या अंगानं ये' असा बोंबलते तो."

"तो व्हय! तो त कोपऱ्यात उभा रायते. तू खेळ पायला तरी काय वं कदी?"

"पायला नाई. आयकला. इतके वर्सं भाकरी थापता थापता आयकूनच राहिली ना मी." आमच्या सैपाकखोलीच्या भिंतीला लागूनच खेळाचं मैदान आहे. "असंल चांगला धिप्पाड," ती म्हणाली.

मला हसू आलं. "धिप्पाड? पऱ्हाटीच्या काडीसारखा हाय."

"मंग त द्याच. डोक्यावर काई असलं त दिसंल तरी लोकाईले."

वाळल्यावर घडी घालून फेटा तिनं पेटीत ठेवला. त्याच आठवड्यात पटकीनं ती गेली. सकाळी उलट्या सुरू झाल्या, आणि दिवे लागायच्या आत संपलं. मुलगी अकोल्याला दिलेली, ती धावत आली, तिसऱ्या दिवशी राख सावडून परत गेली. तिचंही घर आहे, ती किती राहणार.

अकोल्याचे गडी आले तेव्हा मला सुतक होतं. सुतकात मैदानावर जायचं नाही. मी सैपाकखोलीत तिच्या पाटावर जाऊन बसलो. चूल विझलेली. भिंतीपलीकडे माणसांचा गलका.

हुतुतूमध्ये मेलेला गडी बाहेर बसतो, आणि आपल्यातल्या कोणी समोरचा मारला की तो उठून पुन्हा आत येतो. हा खेळ मी जन्मभर खेळलो, खेळवला, कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी पलीकडून "उठला रे उठला" असा ओरडा झाला आणि मी कानांवर हात ठेवले.

पण किती वेळ ठेवणार. हात काढले तर सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. आमचा चढाईवाला हुतुतू करत आत गेला, त्याचा आवाज लांब गेला, बारीक झाला. आणि त्याच्यावर तो घोगरा आवाज. "उजवीकडून येऊन राहिला, वाक! दम हाय अजून! मागं ये, ये, ये!" मग हुतुतू जवळ जवळ येत गेलं आणि रेघेपाशी एकदम जल्लोष. मैदानावर बसलं की डोळे चढाई करणाऱ्याच्याच मागं जातात. इथं डोळ्यांना काही कामच नव्हतं.

मधे घोगरा मेला. बाहेर बसलेल्यानं बोलायचं नाही, म्हणून त्याचा आवाज बंद झाला. आणि आमचे गडी एकामागून एक आत जाऊन तिकडेच अडकायला लागले. दम तोच, पाय तेच, पण परत कोणी येईना. शेवटी कसाबसा एक समोरचा मेला, घोगरा उठला, पुन्हा "वाक! मागं ये!" सुरू झालं, आणि आमची माणसं परत यायला लागली.

आम्ही जिंकलो. आडत्या मला भेटायला आला. त्याच्याच गाड्या हाकणाऱ्यानं कशी उडी मारली ते हातवारे करून सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बुवा, फेटा कोनाले ते काई विचाराची गोष्ट नाई. पन तुमच्या घरच्या हातचा तेवढाच उरला. तो ठिवा पेटीत. मी जरीचा आनून देतो."

माणूस वाईट नव्हता. मायेनंच बोलला. मला ते पटलं होतं, पंचाईत तीच होती. तो गेल्यावर मी पेटी उघडली. फेट्याला खळीचा वास होता, तिचा नव्हता. ठेवला तर माझ्याजवळ तिच्या हातचं काही तरी राहणार होतं. पण 'त्याले द्या' हेही तिचंच होतं, आणि ते पेटीत ठेवता येत नव्हतं. होळीपर्यंत मी तो किती तरी वेळा काढला आणि ठेवला.

होळीच्या संध्याकाळी घेऊन गेलो. आडत्याच्या गाड्या हाकणारा चढाईवाला केसांना तेल लावून पुढंच उभा होता. मी घोगऱ्याला हाक मारली. कोणी तरी मागून हसलं.

"मले?" तो जागचा हलेना. "काहून बुवा? माह्यानं गडी किती मेले?"

"मेलेले नाई मोजले. परत आलेले आयकले."

"कोनं आयकले?"

"आमच्या घरी," मी म्हणालो आणि फेट्याची घडी मोडली.

बांधायच्या आधी फेट्याची चुणी करावी लागते, त्याला दुसरं टोक धरणारा पाहिजे. जवळ चढाईवालाच होता. मी टोक त्याच्या हातात दिलं. त्यानं रागानं जोरात ओढलं. "ताणू नको असा, बैल नाई बांधला त्याले," माझ्या तोंडून निघालं. सगळे हसले. त्यानं ढील दिली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. आडत्या उठून गेला.

घोगऱ्याचं डोकं एवढंसं, फेटा कानांवर आला. कडुनिंबाखालच्या गर्दीत तोच पहिला दिसत होता.

दर साली फेटा देऊन घरी आलो की ती दारातच विचारायची, "कसा दिसला?" आणि मी म्हणायचो, "दिसला, कसा दिसंल?" त्या दिवशी सांगण्यासारखं पुष्कळ होतं. कुलूप काढून आत गेलो, दिवा लावला, आणि जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी धुळवड. गाव रंगात होतं, शेतात कोणी नव्हतं. खुंटीवरची तिची वेचणीची ओटी मी कमरेला बांधली आणि बांधाकडच्या ओळीवर गेलो. उशिराची बोंडं होती, चिवट आणि बारीक. बायकांची बोटं कशी चालतात कोण जाणे, माझी सगळी ओरखडली. अर्धी ओटी भरली. मला कातता येत नाही. घरी आलो, तिच्या पाटावर बसलो आणि सरकी काढायला लागलो.